वेलिंगकरांचं विमान, वऱ्हाडचं आभाळ

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी प्रांतिक युद्ध परिषद भरवली होती. महायुद्धाचं चौथं वर्ष सरत आलं होतं, फ्रान्सच्या आघाडीवर जर्मनांनी वसंतात जोराची मुसंडी मारली होती आणि सरकारला हिंदुस्थानातून आणखी माणसं हवी होती. लोकमान्य टिळक बोलायला उभे राहिले. साम्राज्याशी निष्ठेची दोन वाक्यं झाल्यावर ते मुद्द्यावर येऊ लागले. देशाचं रक्षण करायचं असेल तर देशाच्या कारभारात आम्हाला वाटा हवा, हा तो मुद्दा. गव्हर्नरांनी राजकीय चर्चा चालणार नाही म्हणून त्यांना थांबवलं आणि टिळक सभागृहातून बाहेर पडले.

त्या काळात टिळकांच्या बोलण्यात एक मागणी सतत असे: हिंदी तरुणांना लष्करात अधिकारपदं द्या, बरोबरीच्या नात्याने द्या, मग माणसांचा तुटवडा पडणार नाही. महाराष्ट्रातून पाच हजार माणसं भरती करून देतो आणि तसं न झाल्यास दंड म्हणून घ्या, असं म्हणत त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला होता. अट एकच होती. हिंदी माणसाला सैन्यात वरची पदं मिळतील असं वचन सरकारकडून आणायचं. वचन आलं नाही आणि चेक परत गेला.

त्याच जून महिन्याच्या अखेरीस, फ्रान्समध्ये अमिएं शहरासमोरच्या आघाडीवर, मुंबईचा एक मराठी तरुण एकआसनी लढाऊ विमानातून गस्तीवर गेला आणि परतला नाही. मृत्यूची नोंद ३० जून १९१८ अशी आहे. नाव श्रीकृष्ण वेलिंगकर, हुद्दा लेफ्टनंट, पलटण रॉयल एअर फोर्सची २३ वी स्क्वाड्रन. टाउन हॉलमध्ये टिळकांना ज्या हक्काविषयी बोलू दिलं गेलं नाही, तो हक्क या मराठी माणसाने वीस दिवसांनी प्राण देऊन बजावला होता. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिलेल्या माझ्या वाचनात फारशा आल्या नाहीत. वऱ्हाडच्या वाचकासमोर त्या ठेवाव्यात असं मला मनापासून वाटलं, कारण आकाशात कोणी जायचं हा प्रश्न आज आपल्या दोन धावपट्ट्यांवर, अमरावतीच्या बेलोऱ्यात आणि अकोल्याच्या शिवणीत, पुन्हा उभा आहे.

वऱ्हाडचा या मागणीशी संबंध दूरचा नव्हता. टिळकांची होमरूल लीग एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला स्थापन झाली, तेव्हा तिच्या सहा शाखा ठरल्या आणि त्यांतल्या दोन एकट्या वऱ्हाडात होत्या. अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे अगदी जवळचे सहकारी. १९०८ नंतर टिळक मंडालेला असताना त्यांच्या सुटकेसाठी दादासाहेब विलायतेला जाऊन राहिले होते. अमरावती, अकोला, यवतमाळच्या सभांमधून स्वराज्याबरोबर लष्करी शिक्षणाचा प्रश्न निघे. पण त्या सभांतल्या कोणालाही कल्पना नसेल, की सैन्याच्या दारावर धडका चालू असताना चार हिंदी तरुण थेट आकाशात पोहोचले होते.

*

चार जणांची नावं एका दमात घेण्यासारखी आहेत. हरदित सिंग मलिक, एरल चंदर सेन, इंद्रलाल रॉय आणि श्रीकृष्ण वेलिंगकर. चौघेही विलायतेत शिकणारे, सुखवस्तू घरांतले. त्या काळी हिंदी माणसाला बादशहाची सनद, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीचा हुद्दा, मिळत नसे. पायदळातला सर्वांत अनुभवी सुभेदार-मेजरही कालपरवा आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटला सलाम करी. १९१७ च्या उत्तरार्धात पहिल्या काही हिंदी लोकांना ती सनद देण्याचं जाहीर झालं. हे चौघे त्याआधीच विमानदळात भरती झाले होते.

मलिक यांची हकीकत तपशिलाने माहीत आहे आणि तिच्यावरून बाकीच्यांच्या वाटेचा अंदाज येतो. रावळपिंडीचे मलिक ऑक्सफर्डमध्ये शिकत होते. लढायचं होतं, पण सैन्यात नकार मिळाला, म्हणून फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवू लागले. पुढे फ्रेंचांनी आपल्या विमानदळात घेण्याची तयारी दाखवली. हे ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या गुरूंना, अर्कर्ट यांना कळलं तेव्हा त्यांनी ब्रिटिश विमानदळाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना पत्र लिहिलं: आमचा विद्यार्थी फ्रेंचांना चालतो आणि आपल्याला चालत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. दार उघडलं. मलिक यांनी पगडी उतरवली नाही. तिच्यावरून बसेल असं मोठं शिरस्त्राण त्यांनी खास बनवून घेतलं. २६ ऑक्टोबर १९१७ च्या झुंजीत त्यांच्या विमानाला चारशेहून अधिक गोळ्यांची भोकं पडली, पायात दोन गोळ्या घुसल्या आणि तरीही ते जगले. त्या गोळ्या आयुष्यभर पायातच राहिल्या. पुढे ते स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत झाले.

सेन सप्टेंबर १९१७ मध्ये पाडले जाऊन जर्मनांचे कैदी झाले. इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा-चौदा दिवसांत दहा विजय मिळवले आणि २२ जुलैला, वयाच्या विसाव्या वर्षात, ते मारले गेले. त्यांना मरणोत्तर डीएफसी, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी. कोलकात्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, टपाल तिकीटही निघालं.

वेलिंगकरांच्या वाट्याला असं काही आलं नाही.

ते मूळचे मुंबईचे, जन्म १८९४ चा, शिक्षण केंब्रिजच्या जीझस कॉलेजात. म्हणजे मृत्यूच्या वेळी वय जेमतेम २३-२४. विमानदळात शिरताना त्यांनाही रंगाचा अडसर आला. अर्जदार केंब्रिजचा असला तरी हिंदी माणसाने विमानाखाली उभं राहून यंत्र दुरुस्त करावं, वर बसून ते चालवू नये, अशीच समजूत तेव्हा होती. ती मोडून ते वैमानिक झाले आणि २३ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले.

ज्या विमानात ते बसत, त्याच्याविषयी सांगायला हवं, कारण त्यावरून त्या कामाची जोखीम कळते. १९१८ च्या वसंतात २३ व्या स्क्वाड्रनला सॉपविथ डॉल्फिन ही नवी विमानं मिळाली. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर घट्टपणा येण्यासाठी चोपडलेलं ज्वालाग्राही रोगण, पुढे २०० अश्वशक्तीचं हिस्पानो-सुइझा इंजिन. नेहमीच्या दुपंखी विमानात वरचा पंख पुढे आणि खालचा मागे असतो. डॉल्फिनमध्ये हे उलटं होतं. वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या मधल्या उघड्या चौकटीतून बाहेर आलेलं असे. त्यामुळे वरचं सगळं आकाश त्याला मोकळं दिसे, आणि वरून झेपावणाऱ्या शत्रूवर नजर ठेवणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय नव्हती. पण उतरताना विमान उलटलं तर सर्वांत आधी जमिनीवर आदळणार ते त्याचंच डोकं. हे विमान वीस हजार फुटांपर्यंत चढे. तिथली थंडी आणि विरळ हवा उघड्या बैठकीत सोसायची. पॅराशूट नाही. फुग्यांमधून टेहळणी करणाऱ्यांना पॅराशूट होतं, ब्रिटिश वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत ते मिळालं नाही. विमानाने पेट घेतला तर त्याच्याबरोबर जळायचं किंवा उडी टाकायची, एवढाच पर्याय.

जोखीम किती होती याचा एक आकडा पुरे. १९१७ च्या फक्त एप्रिल महिन्यात ब्रिटिशांनी २४५ विमानं गमावली. नवशिका वैमानिक आघाडीवर आला की पहिले काही आठवडे टिकला तरच पुढे टिके. वेलिंगकर हे सारं जाणून त्यात उतरले होते. सक्तीची भरती हिंदी माणसांना लागू नव्हती. ते केंब्रिजमधून परतून मुंबईत चांगली वकिली किंवा नोकरी करू शकले असते.

जूनच्या अखेरच्या त्या गस्तीनंतर ते बेपत्ता म्हणून नोंदले गेले. जर्मनांच्या हद्दीत पडलेल्या वेलिंगकरांना जर्मनांनीच पुरलं होतं आणि परक्या नावाची अक्षरं भलतीच लिहिली गेली होती. त्यामुळे ओळख पटायला युद्ध संपावं लागलं. आज त्यांची कबर उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यातल्या हांगार गावच्या युद्ध दफनभूमीत आहे. शिळेवर त्यांना साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी एक म्हटलं आहे. ज्या साम्राज्याने त्यांना आत घ्यायला खळखळ केली, त्याच साम्राज्याचा पुत्र म्हणून ते तिथे निजले आहेत. महाराष्ट्राचा पुत्र म्हणून त्यांची नोंद आपण करायला हवी होती. ती शाळेच्या पुस्तकात नाही, रस्त्याच्या पाटीवर नाही. मला हे बोचतं, आणि ते लपवावं असं वाटत नाही.

*

चौघांनी दार उघडलं, पण शांतता होताच ते पुन्हा बंद झालं. हिंदुस्थानला स्वतःचं विमानदळ मिळायला आणखी चौदा वर्षं लागली. लष्करी अधिकारपदांच्या प्रश्नावर बसलेल्या स्कीन समितीने १९२६ मध्ये विमानदळ हिंदी लोकांना खुलं करण्याची शिफारस केली. मोतीलाल नेहरू आणि जिना त्या समितीचे सभासद होते. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी इंडियन एअर फोर्स कागदावर अस्तित्वात आलं. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोडवर चार वापिटी विमानांवर त्याची पहिली तुकडी उभी राहिली. हवाई दलाचा वर्धापनदिन आपण ८ ऑक्टोबरला पाळतो. त्याआधीच्या चौदा वर्षांची प्रतीक्षा त्या दिवशी कोणी आठवत नाही.

मराठी माणसं पुढे या दलात मोठी झाली. मुंबईत १९२० साली जन्मलेले हृषीकेश मुळगावकर नोव्हेंबर १९४० मध्ये अधिकारी झाले, काश्मीरच्या पहिल्या युद्धात महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ हवाई दलाचे प्रमुख होते. नागपुरात जन्मलेले प्रदीप नाईक २००९ मध्ये प्रमुख झाले, नांदेड जिल्ह्यातल्या हदगावकडचे विवेक राम चौधरी २०२१ मध्ये. नाईक प्रमुख असतानाच, २५ नोव्हेंबर २००९ रोजी, राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उड्डाण केलं. वय ७४. अमरावतीची सून आणि अमरावतीची एकेकाळची खासदार लढाऊ विमानात बसली, ही गोष्ट आमच्याकडे पाटावरवंट्याशी बसलेल्या बायकांपर्यंत पोहोचली होती. लेकीला विमानात बसवायचं असं त्या दिवशी किती घरांत बोललं गेलं असेल, याची गणती कोणाकडे नाही. बोललं गेलं मात्र नक्की.

पण बोलण्यापासून उडण्यापर्यंतची वाट कशी असते? इथे ग्लायडरकडे यावं लागतं.

*

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. माणूस उडायला शिकला तो त्याच्यावरच. जर्मनीत ऑटो लिलिएंथाल यांनी १८९१ पासून टेकडीवरून झेपा घेत पंखांचा अभ्यास केला आणि १८९६ मध्ये पडून ते गेले. राइट बंधू त्यांचे आकडे वाचून तयार झाले आणि इंजिन बसवण्याआधी त्यांनी तीन वर्षं ग्लायडरच उडवले.

लष्कराच्या दृष्टीने ग्लायडरचं मोल पराभूत जर्मनीने ओळखलं. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानं ठेवायला बंदी केली, ग्लायडरला केली नाही. १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर तरुण पोरं ग्लायडर उडवायला जमू लागली. पुढच्या दशकात जर्मन हवाई दल उभं राहिलं तेव्हा हवा ओळखणारे वैमानिक आधीच तयार होते. १० मे १९४० रोजी बेल्जियमच्या एबेन-एमाएल या अभेद्य म्हटल्या जाणाऱ्या किल्ल्याच्या छतावर जर्मन सैनिक ग्लायडरमधून आवाज न करता उतरले आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मग ब्रिटिशांनी १९४२ मध्ये ग्लायडर वैमानिकांची स्वतंत्र रेजिमेंटच काढली.

या युद्धकथेचा एक धागा आपल्या प्रांतातून जातो. ब्रिटिश सेनानी ऑर्ड विंगेट यांची जपान्यांविरुद्धची चिंडिट सेना १९४२ मध्ये सागरच्या जंगलात तयार झाली. सागर जिल्हा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. अकोला-अमरावतीचं आणि त्याचं सरकार एकच, राजधानी एकच, नागपूर. १९४३ च्या पहिल्या मोहिमेत ही माणसं पायी ब्रह्मदेशात घुसली आणि हाल सोसत परतली. दुसऱ्या वेळी विंगेटनी हवाई वाट धरली. ५ मार्च १९४४ च्या रात्री सिलचरजवळच्या लालाघाट तळावरून अमेरिकन वाको ग्लायडर निघाले. एकेका डाकोटाने दोन-दोन ग्लायडर दोरखंडाने ओढायचे, डोंगररांग ओलांडायची, जपानी फळीच्या मागे जंगलातल्या मोकळ्या जागेवर सोडून द्यायचे. एका ग्लायडरात तेरा सैनिक, दोन वैमानिक. काहींत खेचरं. निघण्याच्या थोडंच आधी आलेल्या एका छायाचित्रात दिसलं, की उतरायच्या दोन जागांपैकी एकीवर ओंडके टाकलेले आहेत. सगळे ग्लायडर ‘ब्रॉडवे’ या दुसऱ्या जागी वळवले गेले. दोर तुटले, काही ग्लायडर वाटेतच जंगलात गेले, काही उतरलेल्या ग्लायडरवर आदळले. तरी पाचशेहून अधिक माणसं खाली पोहोचली आणि त्यांनी रातोदिवस खपून धावपट्टी तयार केली. पुढच्या आठवड्याभरात सुमारे नऊ हजार माणसं आणि हजाराहून अधिक खेचरं शत्रूच्या पाठीशी उतरवली गेली. चॅप्लिनच्या ‘द किड’ चित्रपटातला तो चिमुकला मुलगा, जॅकी कूगन, मोठा होऊन याच मोहिमेत ग्लायडर वैमानिक होता.

ग्लायडर वैमानिकाला उतरण्याची एकच संधी. चुकलं तर इंजिन फिरवून पुन्हा वर जाता येत नाही. म्हणून त्याचा हात आणि नजर जितकी पक्की होते तितकी दुसऱ्या कोणाची होत नाही, असं जुने शिक्षक सांगतात आणि मला ते पटतं.

याच धामधुमीत, १९४३ मध्ये, अकोल्याच्या शिवणीला धावपट्टी झाली. मूर्तिजापूरच्या रस्त्याला, आज कृषी विद्यापीठाची शेतं जिच्याभोवती आहेत ती. युद्ध संपलं, पट्टी राहिली. मंत्र्यांची विमानं, कधी शिकाऊ विमानं, मग लांब उन्हाळे. धावपट्टी वाढवायची म्हटली तर विद्यापीठाची आणि शेतकऱ्यांची जमीन लागते, आणि त्या कागदांचा प्रवास वर्षानुवर्षं चालू आहे. अकोल्याची एक पिढी नियमित विमानाची वाट बघत म्हातारी झाली.

*

स्वातंत्र्यानंतर सरकारने ग्लायडिंग मनावर घेतलं होतं, हे आज सांगितलं तर अनेकांना नवल वाटेल. एनसीसीची हवाई शाखा १९५० ला निघाली. त्याच सुमारास पुण्याजवळ हडपसरला नागरी विमान खात्याचं ग्लायडिंग केंद्र सुरू झालं. तिथे गवताची पट्टी होती आणि एका टोकाला दोर गुंडाळणारं विंच. दोर ग्लायडरला अडकवायचा, विंच सुरू व्हायचं आणि काही सेकंदांत ग्लायडर पतंगासारखा हजार फुटांच्या आसपास चढायचा. दोर सुटला की पुढे वैमानिक आणि हवा.

दिल्लीत खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस. रामामृतम यांनी देशी ग्लायडरांची रचना केली. आधी अश्विनी, मग रोहिणी. पुढे भरणी, कार्तिक, मृगशीर्ष, आर्द्रा असे आणखी. नक्षत्रांची नावं दिलेली ही मालिका वऱ्हाडच्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको, त्याचं पेरणीचं सारं गणित रोहिणी, मृग, आर्द्रावरच चालतं. रोहिणी मे १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाला. लाकडी बांधणी आणि शेजारी-शेजारी दोन आसनं. गुरू आणि शिष्य एकमेकांचे हात पाहू शकत. असे शंभराहून अधिक रोहिणी बनले आणि एनसीसीच्या कित्येक पोरांनी आयुष्यातलं पहिलं उड्डाण त्यात केलं.

मग हे मागे पडत गेलं. हडपसरभोवती मगरपट्टा, अमनोरा उभे राहिले आणि गवताच्या पट्टीला शहराने वेढलं. एनसीसीने मायक्रोलाइट विमानं घेतली. विदर्भातलं हवाई स्क्वाड्रन नागपूरला. अमरावतीला एनसीसीचं गट मुख्यालय असूनही दर्यापूर-अचलपूरच्या किंवा बाळापूर-अकोटच्या पोराला ग्लायडरच्या दांड्याला हात लावायची जागा जवळपास नाही.

आणि हे त्या मुलखात, जिथलं आभाळ ग्लायडरसाठी देशातल्या उत्तम आभाळांपैकी आहे! हे मी अभिमानापोटी म्हणत नाही, हिशेबाने म्हणतो. ग्लायडर टिकतो उष्ण हवेच्या चढत्या झोतांवर. जमीन तापली की तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर निघते आणि दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी थंड होत जाते. जिथे तिच्यातल्या वाफेचे जलकण होऊ लागतात तिथे ढगाचा तळ येतो. वैमानिकांचा साधा हिशेब असा: जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्यायचा आणि त्याला १२५ ने गुणायचं, म्हणजे तळाची उंची मीटरमध्ये मिळते. एप्रिलमध्ये अकोल्यात ४३ अंश आणि दवबिंदू ११ धरला, तर फरक ३२, उंची चार हजार मीटर. चार किलोमीटर उंच अदृश्य जिना, रोज दुपारी, फुकट. कापूस-तूर निघाल्यावर उघडी पडलेली काळी जमीन ऊन शोषते. बाजूला हिरवा पट्टा किंवा तळं असलं की तापमानातल्या फरकाने झोत तिथून सुटतो. वावरातून धूळ फिरवत चढणारी वावटळ म्हणजे डोळ्यांना दिसणारा झोतच. घार पंख न हलवता ज्या गोलात चढते तोही तोच. आपला गुराखी ज्या आभाळाकडे पाहून वारा कुठून सुटला ते सांगतो, त्याच्या त्या माहितीला ग्लायडर शाळेत पहिल्या धड्याचं मोल आहे.

अडचणी आहेत. पावसाळ्यात काळी माती चिखल होते, तेव्हा जून ते ऑक्टोबर उड्डाण बंद ठेवावं लागेल. भर मेच्या दुपारचे झोत नवशिक्यासाठी फार आडदांड असतात. त्याला सकाळचे दोन-तीन तास बरे. पण नोव्हेंबर ते मे हे सात महिने उरतातच, आणि कॉलेजचं वर्ष त्यात जवळजवळ पूर्ण बसतं.

*

अमरावतीत मात्र चित्र बदललं आहे. बडनेऱ्याजवळ बेलोऱ्याला १९९२ मध्ये झालेली धावपट्टी वाढवून १,८५० मीटर झाली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचं प्रवासी विमान तिथे उतरलं. एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्थेसाठी बेलोऱ्याची निवड केली. ३१ एकइंजिनी आणि ३ दोनइंजिनी शिकाऊ विमानं, दरवर्षी १८० वैमानिक अशी घोषणा झाली आहे. हे चांगलं झालं. दुष्काळ आणि आत्महत्या या दोनच शब्दांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या नावापुढे वैमानिक हा शब्द लागतो आहे, याचा आनंद मला पूर्ण आहे.

पण व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो. पाच एकर कोरडवाहू असलेल्या घराला तो आकडा ऐकवणंही अवघड. मग बेलोऱ्याच्या आकाशात शिकाऊ विमानं घिरट्या घालतील, खालच्या वावरातली पोरं वर बघतील आणि विमानात दुसऱ्याच कुठली मुलं असतील. १९१७ मध्ये दारावर कातडीचा रंग विचारत होते, आज बँकेचं कर्जखातं विचारतात. वेलिंगकर श्रीमंत घरचे होते, केंब्रिजचे होते, म्हणून निदान दारापर्यंत पोहोचले. रंगाचा अडसर त्यांच्या पिढीने मोडला. पैशाचा अडसर आपल्या पिढीकडे आला आहे.

तो पूर्ण मोडण्याची ताकद ग्लायडरमध्ये नाही, पण फट पाडण्याची आहे. विंचला लागतं थोडं डिझेल. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणून इंजिनाची दुरुस्तीही नाही. सोळाव्या वर्षी ग्लायडर वैमानिकाचा परवाना मिळू शकतो, म्हणजे अकरावीत शिकणाऱ्या पोरीलाही. आणि ज्याच्या हाताला हवा कळते, त्याला एनसीसीमार्गे, एनडीएमार्गे हवाई दलात जाण्याची वाट सोपी होते. तिथलं प्रशिक्षण सरकारी खर्चाने होतं. शेतकऱ्याच्या मुलाला वैमानिक होण्याचा तो आजही सर्वांत खरा रस्ता आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शिवणीच्या धावपट्टीचा विस्तार व्हायचा तेव्हा होवो, त्याची वाट पाहू नये. प्रवासी विमानाला अपुरी पडणारी ही पट्टी ग्लायडरला भरपूर आहे. एनसीसीच्या अमरावती गटाने, कृषी विद्यापीठाने आणि नागरी विमान खात्याने एकत्र बसून तिथे एक विंच, दोन दोन-आसनी ग्लायडर आणि एक-दोन शिक्षक एवढ्यावर हिवाळी शाळा सुरू करावी. बेलोऱ्याच्या संस्थेने दरवर्षी काही जागा या शाळेतून आलेल्या, शेतकरी आणि शेतमजूर घरच्या मुला-मुलींसाठी फी न घेता राखाव्यात. त्यासाठी आमदार-खासदारांना पत्रं लिहावी लागतील, निवेदनं द्यावी लागतील, वऱ्हाडातल्या सहकारी संस्थांना आणि परदेशात स्थिरावलेल्या वऱ्हाडी मंडळींना हात पुढे करावे लागतील. ज्यांच्या घरी एनसीसीतला मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी ही मागणी आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांपर्यंत आधी न्यावी. शाळा उभी राहिली तर तिला श्रीकृष्ण वेलिंगकरांचं नाव द्यावं.